पिशवी पटलाला भोक पाडत नाही, ती पटलच होऊन जाते

शहाद्याची एक विद्यार्थिनी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र शिकते. तिनं विचारलंय: "सर, एक्झोसायटॉसिसच्या आकृतीत पिशवी पेशीपटलाला चिकटते आणि आतला माल बाहेर पडतो असं दाखवतात. म्हणजे पटलाला भोक पडतं ना? मग पेशीतला द्रव सांडत कसा नाही? पेशी मरत का नाही? आणि याला उत्सर्जन म्हणायचं तर इन्सुलिन टाकाऊ आहे का?"

मी सात वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. त्यानंतर २८ वर्षं धुळे जिल्ह्यात तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून बसतोय. वर्गात हा भोकाचा प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला, पण दवाखान्यात त्याचं उत्तर रोज लागतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचं आधी, ते लवकर संपेल. उत्सर्जन म्हटलं की लघवी, घाम, कचरा असंच डोळ्यांपुढे येतं. पेशी नको असलेलं काही या वाटेनं टाकते हे खरं, पण या वाटेनं जाणारा बहुतेक माल तिनं खपून तयार केलेला असतो. स्वादुपिंडातलं इन्सुलिन, लाळेतलं अमायलेज, यकृतातून रक्तात जाणारं अल्ब्युमिन, प्रतिपिंडं, कोलॅजेन, चेतातंतूच्या टोकातून सुटणारं ॲसिटिलकोलीन. तेव्हा घंटागाडी डोळ्यांपुढे आणू नकोस; रावेर-यावलहून भरून निघणारे केळीचे ट्रक आण. मला स्वतःला इथं ‘स्रवण’ हा शब्द जास्त बरा वाटतो.

हा माल पेशीतून कुठल्या रस्त्यानं जातो हे जॉर्ज पॅलेड यांनी गिनिपिगच्या स्वादुपिंडाच्या पातळ चकत्यांवर दाखवलं. पद्धत फार सुंदर होती. किरणोत्सारी अमिनो आम्ल काही मिनिटंच द्यायचं, मग लगेच साधं द्यायचं, आणि ठरावीक वेळानं ती खूण पेशीत कुठवर पोचली ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात बघायचं. आधी खडबडीत आंतर्द्रव्यजालिका, म्हणजे प्रथिनं जिथं बनतात ती पटलांची जाळी; मग गॉल्जी संकुल, जिथं त्यांच्यावर पुढचे सोपस्कार होऊन ती पिशव्यांत भरली जातात; मग पटलाजवळच्या कणिका, म्हणजे मालानं भरलेल्या पिशव्या; मग पेशीबाहेर. १९७४ चं नोबेल त्यांना, आल्बेर क्लोद यांना आणि ख्रिश्चन डी ड्यूव्ह यांना मिळालं. एक्झोसायटॉसिस हा शब्द या डी ड्यूव्ह यांनीच १९६३ मध्ये दिला.

आता भोकाचं.

घरी शेवभाजी झाली की थोडा रस्सा ताटलीत ओत आणि बघ. वर तेलाचे गोल गोल थेंब तरंगत असतात. चमच्याच्या टोकानं एक थेंब दुसऱ्याकडे सरकव. थोडा वेळ दोघं टेकून राहतात, मध्ये पाण्याची बारीक रेघ असते. ती रेघ गेली की क्षणात दोघांचा एकच थेंब होतो. कुठं काही फाटत नाही, कडा कडेत मिसळते.

पेशीत घडतं ते याच जातीचं आहे. पिशवीचं आवरण आणि पेशीचं पटल, दोन्ही मेदद्रव्याच्या दुपदरी थराचे, जाडी साधारण ५ नॅनोमीटर. दोन्ही एकमेकांना भिडले की आधी समोरासमोरचे दोन पदर एकमेकांत मिसळतात. मग उरलेले दोन पदर मिसळतात आणि मध्ये एक छिद्र उघडतं, सुरुवातीला एक-दोन नॅनोमीटरचं. या छिद्राच्या भोवती सगळीकडे मेदाचा थर अखंड असतो. ते पिशवीच्या पोकळीतून थेट पेशीबाहेर उघडतं. पेशीद्रवात ते उघडतच नाही. म्हणून पेशीद्रव सांडत नाही. सांडायला वाटच नसते.

इथं विद्यार्थी जे चुकतात ते नेमकं एका गोष्टीवर. पिशवी पेशीच्या आत आहे, म्हणून पिशवीतला मालही पेशीच्या आत आहे असं ते धरून चालतात. सदऱ्याच्या खिशातलं नाणं आठव. खिसा आत लोंबतो, तरी नाणं कापडाच्या बाहेरच्या बाजूलाच असतं. खिसा उलटा केला की नाणं पडतं, आणि सदरा कुठंही फाटलेला नसतो. पिशवी म्हणजे तोंड शिवलेला खिसा. तिची आतली बाजू हा पेशीच्या बाहेरच्या बाजूचाच राखून ठेवलेला तुकडा आहे. इन्सुलिनचा रेणू तयार होता होताच आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलातून पलीकडे ओवला जातो. पटल ओलांडण्याचं अवघड काम तिथंच उरकलेलं असतं, त्यानंतर शेवटपर्यंत त्याला एकही पटल ओलांडावं लागत नाही.

याचा पुरावा तुझ्या स्वतःच्या रक्तात आहे. गॉल्जी संकुलात प्रथिनांना साखरेच्या साखळ्या जोडल्या जातात त्या पोकळीच्या आतल्या बाजूनं. पिशवी पटलात मिसळली की त्याच साखळ्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर येतात. ए, बी, ओ रक्तगट ठरवणाऱ्या साखळ्या तांबड्या पेशीच्या बाहेर असतात, आत कधीच नसतात, त्या याच हिशेबानं.

मग पेशीतल्या सगळ्या पिशव्या मनाला येईल तेव्हा मिसळत का नाहीत? मधल्या पाण्यामुळे. मेदाच्या थराला पाणी घट्ट चिकटून असतं, ते शेवटच्या नॅनोमीटरला हटत नाही. ते हटवायला जोर लागतो आणि तो जोर स्नेअर नावाची प्रथिनं लावतात. पिशवीवर व्हॅम्प; पटलावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. बैलाचा कासरा वळताना पेड एकमेकांभोवती कसे बसत जातात ते पाहिलं असशील. इथं चार पेड असतात: व्हॅम्पचा एक, सिंटॅक्सिनचा एक, स्नॅप-२५ चे दोन. पीळ दूरच्या टोकापासून पटलाकडे बसत येतो आणि पिशवी पटलाकडे ओढली जाते. मिसळणं झालं की तो पीळ आपोआप सुटत नाही. एनएसएफ नावाचं प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून तो उलगडतं, तेव्हा पेड पुढच्या खेपेला मोकळे होतात. ऊर्जेची किंमत पेशी इथं मोजते, बरीचशी पुस्तकं हे सांगायचं राहून जातात. जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस सुडॉफ यांना २०१३ चं नोबेल या वाहतुकीच्या कामासाठीच मिळालं. शेकमन यांचं सुरुवातीचं काम साध्या यीस्टवर होतं, आणि जी जनुकं यीस्टमध्ये सापडली त्यांची भावंडं माणसात निघाली.

काही पेशी माल तयार झाला की सतत सोडत राहतात. यकृत अल्ब्युमिनला कोणाच्या हुकमाची वाट बघायला लावत नाही. पण चेतातंतू, स्वादुपिंड, लाळग्रंथी यांच्याकडे माल भरून दाराशी तयार असतो. पीळ बराचसा बसलेला, शेवटचे वेढे बाकी, आणि तिथं थांबवलेलं. इशारा यायचा असतो, आणि तो बहुतेक वेळा कॅल्शियमचा असतो. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा जवळजवळ दहा हजार पट जास्त आहे. पटलातला मार्ग उघडला की ते धो-धो आत येतं, सिनॅप्टोटॅग्मिन नावाच्या प्रथिनाला बिलगतं आणि थांबवलेलं काम पूर्ण होतं. चेतातंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत येणं आणि पिशवी मिसळणं यांत एक सहस्रांश सेकंदही जात नाही.

हे आकडे पाठ करून कळत नाहीत, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट देतात. प्रत्येक पुढच्या डोसआधी सिस्टर गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारून बघतात, पाय उडतो का. उडाला तर इंजेक्शन, नाही उडाला तर थांबायचं. मॅग्नेशियम जास्त झालं की चेतातंतूच्या टोकाशी ते कॅल्शियमची वाट अडवतं, कमी पिशव्या मिसळतात, ॲसिटिलकोलीन कमी सुटतं, स्नायू ढिला पडतो. आधी गुडघा, आणि वाढतच गेलं तर श्वास. म्हणून त्याच ट्रेमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेटची ॲम्प्युल ठेवलेली असते. ती हातोडी म्हणजे एक्झोसायटॉसिसची तपासणी आहे, दर काही तासांनी, खाटेवर.

दुसरी तू गावात पाहिलेली असेल. म्हैस व्याली, दूध भरपूर यायला लागलं आणि दुसऱ्या दिवशी बसली ती उठेना. कान गार, मान पोटाकडे वळवून पडलेली. दुधात इतकं कॅल्शियम निघून गेलं की रक्तातलं खाली आलं आणि चेतातंतूंच्या टोकातून पुरेशा पिशव्या सुटेनात. जनावरांचे डॉक्टर शिरेतून कॅल्शियमची बाटली सावकाश सोडतात, एका हातानं छातीचे ठोके बघत. आणि पुष्कळदा बाटली संपता संपता म्हैस थरथरते, शेण टाकते आणि उभी राहते. मी लहानपणी हे पाहिलं तेव्हा तो चमत्कार वाटला होता. कारण कळल्यावरही मला त्याचं आश्चर्य कमी वाटत नाही.

आता इन्सुलिन, कारण माझा निम्मा दिवस त्यातच जातो. स्वादुपिंडाच्या एका बीटा पेशीत इन्सुलिनच्या सुमारे १०,००० कणिका असतात, एकेक साधारण ३०० नॅनोमीटरची. आत इन्सुलिन जस्तासोबत स्फटिक होऊन घट्ट बसलेलं. रक्तातली साखर वाढली की ती पेशीत शिरते, जळते, एटीपी वाढतं. एटीपी पोटॅशियमचे मार्ग बंद करतं, पटलाचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमचे मार्ग उघडतात आणि कणिका मिसळू लागतात. पहिल्या झपाट्यात मात्र दाराशी तयार असलेल्या शंभरएकच सुटतात. हा पहिला लोंढा साधारण दहा मिनिटांचा. मग मागच्या कणिका पुढे येतात आणि संथ पुरवठा चालू राहतो. टाइप २ मधुमेहात सर्वात आधी हरवतो तो हा पहिला लोंढा. म्हणूनच काहींची उपाशीपोटीची साखर बरी असते आणि जेवणानंतरची चढलेली असते.

आमच्याकडे खूप वापरली जाणारी ग्लिमेपिराइडची गोळी काय करते? एटीपीची वाट न बघता पोटॅशियमचा तोच मार्ग बंद करते. म्हणजे साखर कमी असली तरी कणिका सुटतातच. श्रावणात उपास धरायचा, गोळी मात्र घ्यायची आणि कपाशी निंदायला जायचं, असे पेशंट दरवर्षी घामानं भिजलेले, भलतंच बडबडत माझ्याकडे येतात. सिटाग्लिप्टिन-विल्डाग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांनी हा धोका कमी, कारण त्या साखर वाढलेली असतानाच कणिका सुटायला हातभार लावतात. गोळी कशी काम करते हे पेशीपर्यंत माहीत असलं की उपासाआधी काय विचारायचं तेही आपोआप सुचतं.

आणखी एक. कणिकेत आधी प्रोइन्सुलिन असतं. ते कापलं जाऊन इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड असे दोन भाग होतात. कणिका उघडली की दोन्ही एकदम, सारख्याच संख्येनं बाहेर पडतात. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. त्यामुळे इंजेक्शन घेणाऱ्या पेशंटचं स्वतःचं स्वादुपिंड किती सोडतंय हे सी-पेप्टाइड तपासून कळतं. तुझ्या आकृतीतली ती एक पिशवी लॅबच्या रिपोर्टात अशी दिसते.

आता ज्या पेशंटमुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकातून बाहेर आला, तो सांगतो. ऑगस्ट महिना होता. शेतातल्या झोपडीत जमिनीवर झोपलेला बारा-तेरा वर्षांचा पोरगा पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. सातपर्यंत पापण्या मिटायला लागल्या. आई म्हणाली, "डाक्टर, पोऱ्याना डोया उघडत नहीत." अंगावर चाव्याची खूण शोधून सापडली नाही. मण्यारीचे दात बारीक असतात, झोपेत कळतही नाही. मान टाकलेली होती, पण हात दाब म्हटलं की दाबत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. मी सर्पदंशाची लस दिली, निओस्टिग्मिन दिलं आणि पापण्या वर येण्याची वाट बघत बसलो. नागाच्या दंशात मी तसं होताना पाहिलं होतं. इथं काही होईना. त्या वाट बघण्यात माझा जो वेळ गेला तो जायला नको होता. श्वासनळीत नळी आधी टाकायला हवी होती. शेवटी ती टाकली आणि काका-मामा आळीपाळीनं अंबू बॅग, म्हणजे श्वास देणारी रबरी पिशवी, दाबत त्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात पोचले. सहाव्या दिवशी त्यानं डोळे उघडले.

फरक कुठं होता? नागाचं विष मुख्यतः स्नायूवर ॲसिटिलकोलीन जिथं बसतं ती जागा अडवतं. चेतातंतूचं टोक शाबूत असतं, पिशव्या सुटत असतात. निओस्टिग्मिननं ॲसिटिलकोलीन जास्त वेळ टिकवलं तर ते विषाला बाजूला सारू शकतं. मण्यारीच्या विषातलं बीटा-बंगारोटॉक्सिन त्याआधीच्या जागी घाव घालतं. ते फॉस्फोलायपेज जातीचं विकर आहे, टोकाच्या पटलातलं मेदच तोडतं. टोकातल्या पिशव्या रित्या होतात, नव्या भरत नाहीत, टोक निकामी होतं. जे सुटतच नाही ते टिकवणार काय? लस रक्तातलं विष निष्प्रभ करते, म्हणून ती लवकर द्यायचीच. पण मेलेलं टोक ती परत आणत नाही. ते नव्यानं वाढायला दिवस लागतात, तेवढे दिवस श्वास आपण चालवायचा.

लाल विंचवाचं उलट. त्याचं विष चेतातंतूतले सोडियमचे मार्ग उघडे ठेवतं, टोकं उत्तेजित राहतात आणि नॉरॲड्रेनलिनच्या पिशव्या एकसारख्या मोकळ्या होत राहतात. हातपाय गार, घाम, रक्तदाब भलता वर, मग फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन वापरून असंख्य जीव वाचवले. प्राझोसिन पिशव्या सुटणं थांबवत नाही. सुटलेलं रसायन रक्तवाहिनीवर जिथं बसतं ती जागा अडवतं. धनुर्वाताचं विष तर सरळ व्हॅम्प कापतं, मज्जारज्जूतल्या लगाम घालणाऱ्या चेतापेशींमध्ये. लगाम सुटतो आणि स्नायू आवळतात. दोराचा एक पेड तुटला तर काय होतं, ते त्या कमानीसारख्या वाकलेल्या पाठीत दिसतं.

परीक्षेत एक चूक टाळ: पेशीतून बाहेर पडणारं सगळंच या वाटेनं जात नाही. कॉर्टिसोल, इस्ट्रोजेनसारखी स्टेरॉइड मेदात विरघळतात, ती पटलातूनच झिरपतात. त्यांचा साठा पिशवीत करताच येत नाही. मीठ-पाणी आपल्या मार्गांनी आणि पंपांनी जातं. दूध हे सर्वात छान उदाहरण, कारण एकाच पेशीतून दोन वाटा. केसीन आणि दुग्धशर्करा पिशव्यांतून, एक्झोसायटॉसिसनं. चरबीचा थेंब मात्र पटलाला ढकलत बाहेर येतो आणि जाताना पटलाचा तुकडा अंगाभोवती गुंडाळून नेतो. आजी रवीनं घुसळते तेव्हा हे वेष्टन फाटतं, चरबी एकत्र येऊन लोणी होतं आणि पटलाचे तुकडे ताकात उतरतात.

तू न विचारलेला, पण विचारायला हवा असा एक प्रश्न राहतो: एवढ्या पिशव्या मिसळत राहिल्या तर पेशी फुगत कशी नाही? मिसळलेलं पटल ती एंडोसायटॉसिसनं परत आत ओढते आणि पुन्हा वापरते. आणि कधी कधी बाहेर काही सोडायचं नसतंच, पिशवीचं पटलच हवं असतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा मूत्रपिंडातल्या पेशी पाण्याचे मार्ग बसवलेल्या पिशव्या पटलात मिसळून पाणी परत खेचतात. लघवी गडद होते ती त्यामुळे. स्नायूत साखरेचे मार्ग याच रीतीनं पटलावर येतात, इन्सुलिनच्या हुकमानं येतात आणि चालण्यानंही येतात. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला असं मी पेशंटला सांगतो, त्यामागे हे आहे.

आता एक कागद घे आणि आकृती स्वतः काढ. पेशीपटलाची बाहेरची कड लाल, पेशीद्रवाकडची कड निळी. मग आत एक पिशवी काढ आणि तिची पोकळीकडची कड कुठल्या रंगाची हे आधी ठरव. ती लाल काढलीस तर मिसळल्यावर लाल लालला आणि निळी निळीला मिळेल, रेघ कुठंही तुटणार नाही. निळी काढलीस तर रेषा जुळणारच नाहीत, आणि तुला वाटलं होतं ते भोक नेमकं तिथं दिसेल.